मर्तोलीवरचा करडा ठिपका

गेल्या नोव्हेंबरपासून एक ठिपका माझ्या डोक्यातून जात नाही. उत्तराखंडात, मुनस्यारीच्या उत्तरेला गोरी गंगेचं खोरं आहे, त्याला जोहार म्हणतात. तिथल्या मर्तोली गावावर तो ठिपका मीच टाकला. करडा. आमच्या नकाशात करडा म्हणजे गैर-आबाद, वस्ती नसलेलं.

मी मूळची साताऱ्याची, सात वर्षं डेहराडूनला आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून वस्त्या ओळखायच्या आणि त्या नकाशावर चढवायच्या, हे माझं काम. लोकांना वाटतं हे सगळं संगणक करतो. हिमालयात नाही करत. हिवाळ्यातल्या चित्रात उत्तरेकडच्या उतारावर इतकी गडद सावली असते की अख्खी वाडी तिच्यात बुडून जाते. जुन्या टोपोशीटवरचं, म्हणजे सर्वेक्षणाच्या छापील नकाशावरचं गाव आणि जीपीएसवरचं गाव एकमेकांवर बसत नाही, कारण दोघांनी पृथ्वीचा आकारच वेगळा धरलेला असतो. ते हाताने जुळवावं लागतं, खिंडी आणि ओढ्यांचे संगम पकडून.

मग छपरं. इथली जुनी घरं पाथरांनी शाकारलेली, म्हणजे सपाट दगडी पाट्यांनी. नांदत्या घराच्या आढ्याची रेघ सरळ असते. घर सोडलं की आधी आढ्याला पोक येतो, मग पाथर मधोमध खचतात आणि चित्रात काळा चौकोन दिसायला लागतो. तो खोलीतला अंधार असतो. एखादं छप्पर किती वर्षांपूर्वी सोडलंय हे मी नुसत्या त्या पोकावरून सांगते, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. निदान मी तसं धरून चालले होते.

काम होतं निर्जन गावांच्या पडताळणीचं. 2011 नंतर राज्यातली 734 गावं आणि वस्त्या रिकाम्या झाल्या, असं इथल्या पलायन आयोगाने, म्हणजे स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी आयोगाने, 2018 मध्ये सांगितलं होतं. आमची यादी वेगळी, पण प्रश्न तोच. पैशाची मंजुरी आली ऑक्टोबरात, म्हणजे आम्ही मुनस्यारीला पोचलो नोव्हेंबरात. दरवर्षी असंच होतं आणि दरवर्षी मला याचा संताप येतो. कारण जोहारचे लोक, शौका, उन्हाळ्यात वर असतात. लीलम, बोगडियार, रिलकोट करत मर्तोली, बुर्फू, मिलम इथं चढतात आणि बर्फाआधी खाली येतात. नोव्हेंबरात वरचं प्रत्येक गाव कुलपातच असणार.

या लोकांचं आयुष्यच चालण्यावर उभं होतं. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य लादून उंटाधुरा, जयंती, कुंगरी-बिंगरी या तीन खिंडी ओलांडायच्या, तिबेटात ज्ञानिमाच्या बाजारात ते विकायचं आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतायचं. 1962 च्या युद्धाने ते थांबलं. त्यांची रंगकस भाषा तर त्याच्याही आधी गेली, आता ते कुमाऊंनीच बोलतात. गाव मात्र आडनावात टिकलंय. मर्तोलीचे ते मर्तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, तोलाचे टोलिया, लास्पाचे लस्पाल.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात एक आमा लोकर कातत बसायच्या. आमा म्हणजे आजी. मर्तोलियाच. पिथौरागढचा माझा सहकारी त्यांच्याशी बोलत होता. मी टॅबलेटवर मर्तोलीचं चित्र उघडून शेवटची मोजणी करत होते. चोवीस छपरं धरली होती, त्यातली नऊ सरळ, बाकीची पोक आलेली किंवा खचलेली. आमांनी टॅबलेट मागून घेतला, जरा वेळ पाहिला आणि उलटा फिरवला.

मला वाटलं, त्यांना कळत नाहीये. मी सरळ करायला हात पुढे केला. मग लक्षात आलं, त्या उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. जोहार त्यांच्या पाठीमागे. उत्तर जिकडे आहे तिकडे त्यांनी चित्राची उत्तर केली होती. नकाशा आधी जमिनीशी जुळवून घ्यायचा, मग वाचायचा, हे आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यानंतर ते करताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

त्यांनी आधी नंदादेवीचं मंदिर शोधलं, मग तिथून एकेक घर बोटाने दाखवत गेल्या. मी सरळ धरलेल्या नऊ छपरांपैकी चार घरांत कित्येक वर्षांत कुणी पाऊल ठेवलेलं नाही. बांधणारा पक्का होता म्हणून छप्पर टिकलं, इतकंच. आणि ज्या काळ्या चौकोनावर मी फुली मारली होती, ते त्यांचंच घर. अर्धं पडलंय, उरलेल्या खोलीवर ताडपत्री घालून त्या दरवर्षी जेठ ते असोज, म्हणजे ज्येष्ठ ते आश्विन, तिथं राहतात. थोडे बटाटे, थोडा फाफर म्हणजे कुट्टू, फोडणीला लागणारा जंबू. ताडपत्री खाली येताना काढून ठेवतात, बर्फाच्या वजनाने फाटू नये म्हणून. आमचं चित्र डिसेंबरातलं.

“जाड़ों में ही क्यों आते हो तुम लोग?” त्यांनी विचारलं. माझा सहकारी पायाकडे बघत राहिला. मी मंजुरीचं सांगायला लागले आणि मधेच थांबले.

त्याच संध्याकाळी माहिती पाठवायची होती. अर्जात दोनच पर्याय, आबाद आणि गैर-आबाद. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, पडताळणीच्या दिवशी जी स्थिती असेल ती. नियम म्हणून ते बरोबर होतं. खरं तर जनगणनेने हे कधीच ओळखलंय. 2011 च्या जनगणनेत बर्फाळ भागांची मोजणी आधीच, सप्टेंबर 2010 मध्ये उरकली होती. आमच्याकडच्या धनगरांचा वाडा मेंढरांमागे कोकणात उतरला म्हणून त्यांचं गाव उजाड झालं, असं आपण कधी म्हणतो का? मी शेऱ्याच्या रकान्यात आमांनी सांगितलेली घरं आणि महिने लिहिले, गैर-आबाद निवडलं आणि पाठवून दिलं. अंतिम नकाशात शेरे येतच नाहीत, हे मला नंतर कळलं.

आणि हे खोरं कुणाचं? सर्वेक्षक नैनसिंह रावतांचं. 1830 चा जन्म, गाव मिलम. मैलाला 2000 पावलं पडतील अशी चाल बसवून, 108 च्या ऐवजी 100 मण्यांची माळ ओढत, दर शंभर पावलांना एक मणी, असं ते ल्हासापर्यंत मोजत गेले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. माझ्या धंद्यातलं याहून मोठं नाव मला माहीत नाही. त्यांच्या खोऱ्यातलं एक गाव मी खोलीत बसून, डिसेंबरच्या चित्रावरून पुसलं.

दुरुस्तीचं पत्र दिलंय, सोबत घरांची यादी जोडली आहे. तीनदा आठवण केली. मर्तोली कदाचित सुधारेल. पण त्या मोसमात मी याच पद्धतीने, याच छपरांवरून आणखी बरीच गावं करडी केली. त्यातल्या एकाही गावची आमा मला भेटलेली नाही.