ऑस्ट्रेलियाचं हॉटेल क्वारंटाइन: दिवस पुरेसे होते, कॉरिडॉर नडला

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारून घरी पाठवत होते. ऑस्ट्रेलियाने घराचा प्रश्नच ठेवला नाही. २८ मार्चच्या मध्यरात्रीपासून जो विमानातून उतरेल तो पोलिसांच्या देखरेखीत बसने हॉटेलात, १४ दिवस. जुलैपासून न्यू साउथ वेल्स राज्यात एका प्रौढामागे ३,००० डॉलरचं बिलही.

याचा उपयोग झाला का, यावर अजून जुंपते. वाद बहुतेक दिवसांवर येऊन अडकतो: चौदा फार की थोडे? दिवस ठीकच होते. घोळ दाराबाहेर झाला.

हॉटेलच्या खोलीची खिडकी बहुधा उघडत नाही. एसी खोलीत हवा ढकलत राहतो, त्यामुळे आतला दाब कॉरिडॉरपेक्षा जास्त असू शकतो. जेवणाची पिशवी उचलायला दार उघडलं की आतली हवा बाहेर येते. कॉरिडॉरला वारा नाही, तिथेच ती रेंगाळते. आता शेजारच्याने दार उघडलं, किंवा साध्या सर्जिकल मास्कमधला गार्ड तिथेच खुर्ची टाकून बसला असेल, की झालं. अ‍ॅडलेडमध्ये २०२१च्या मे महिन्यात शेजारच्या खोलीतून लागण झालेला माणूस मुदत संपवून मेलबर्नला घरी पोचला आणि तिथे पॉझिटिव्ह निघाला.

त्याआधी २०२०च्या मे-जूनमध्ये मेलबर्नच्या दोन हॉटेलांतून विषाणू बाहेर पडला होता. तेव्हा पहारा खासगी गार्डांचा, त्यातले बरेच पोटकंत्राटातले, प्रशिक्षण जेमतेम. चौकशी आयोगाच्या वकिलांनी ७६८ मृत्यू आणि १८,०००हून अधिक लागणी या अपयशाच्या खात्यावर मांडल्या. खासगी गार्ड ठेवायचं ठरवलं कुणी, हे मात्र आयोगालाही सापडलं नाही. (सरकारी कारभार, दुसरं काय!) शहर ११२ दिवस बंद राहिलं.

उपाय महागडे नव्हते. गार्डला एन-९५ मास्क, तोही चेहऱ्यावर नीट बसतो का हे तपासून. कर्मचाऱ्यांची रोज चाचणी. शेजारच्या दोन खोल्यांची दारं एका वेळी उघडणार नाहीत अशा बेताने जेवण ठेवणं. खोल्या देण्याआधी हवा कुठून कुठे जाते ते मोजणं. यातलं बरंचसं आलं, पण फटका बसल्यावर.

डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्जला हा प्रश्नच आला नाही. गॅस प्रकल्पाच्या कामगारांची ती जुनी वसाहत: सुट्या खोल्या, प्रत्येकीचा एसी वेगळा, पुढे व्हरांडा. कॉरिडॉर नाहीच, मोकळी हवा. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना पाच वर्षं कैद किंवा ६६,६०० डॉलर दंडाची धमकी देऊन रोखलं, कारण क्वारंटाइनवर ताण येतोय म्हणे. बंदी उठल्यावर भारतातून आलेली पहिली विमानं डार्विनलाच उतरली.

अशीच वसाहत मेलबर्नजवळ मिकलहॅमला बांधली. ती उघडली फेब्रुवारी २०२२ मध्ये. लस घेतलेल्यांचं हॉटेल क्वारंटाइन व्हिक्टोरियाने, म्हणजे मेलबर्नच्याच राज्याने, आधीच्या नोव्हेंबरमध्येच बंद केलं होतं.