चाळीस तासांचा शनिवार

ऑकलंडहून आमचं विमान शनिवारी संध्याकाळी सहाला सुटलं आणि चिलीतल्या सँटियागोला उतरलं शनिवारीच, दुपारी एकला. प्रवास ११ तासांचा, पण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. फेब्रुवारीत सँटियागोचं घड्याळ ऑकलंडच्या १६ तास मागे असतं. मी मात्र सँटियागोत राहायला भाड्याचं घर घेतलं होतं रविवारपासून. संध्याकाळी निघायचं, रात्र विमानात, म्हणजे पोचेपर्यंत रविवार उजाडणार, असं धरून चालले होते. चूक माझीच. तुम्ही पॅसिफिक ओलांडणार असाल तर आधी तिकिटावरची उतरण्याची तारीख बघा, मगच घराला हात लावा.

पण पुढचे साडेचार तास जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही. घर रिकामं होतं. झाडूनपुसून तयार होतं, दारवानानेच सांगितलं. मी ॲपवर एक रात्र वाढवायला गेले, तर किमान तीन रात्रींची अट आडवी आली. मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं नुसतं संगीत. मग एक बाई म्हणाल्या, "तुमचं बुकिंग उद्यापासून आहे." एका रात्रीचे जास्तीचे पैसे देते म्हटलं. "सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही." सोबत पाच वर्षांचा धाकटा मुलगा आहे, ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत, म्हटलं. पुन्हा तेच वाक्य, तितक्याच गोड आवाजात. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली.

तोवर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बॅगेतून गोधडी काढून इमारतीच्या खालच्या फरशीवर पसरली होती. त्यांच्याच जुन्या नऊवारीची, कडेला निळे टाके घातलेली. धाकटा तिच्यावर पडला आणि दोन मिनिटांत झोपला. गोधडीला दीड किलो वजन कशाला, म्हणून पुण्यात मी कुरकुरले होते. लहान मुलं असतील तर घरचं अंथरूण न्याच.

आईंचा शनिवारचा उपवास. चिलीत फळं, बियाणं काही आणू देत नाहीत, त्यामुळे केळी ऑकलंडलाच टाकली होती. (फॉर्मवर खाण्याचं सगळं लिहा, मेतकूटसुद्धा.) ऑकलंडची मध्यरात्र ते सँटियागोची मध्यरात्र, शनिवार झाला ४० तासांचा. "अगं, हा संपणार कधी?" त्यांनी विचारलं, आणि मला रडू फुटलं. नवऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून केळी आणली.

शेवटी दारवानानेच स्वतःच्या मोबाइलवरून मालकिणीला फोन लावला. ती पाच मिनिटांत म्हणाली, जा वर, पैसे नंतर बघू. तेव्हापासून मी प्रत्येक घरमालकाचा स्थानिक नंबर आधीच मागून ठेवते.

त्या रात्री ठरवलं, उत्तरेकडच्या अटाकामा वाळवंटात जायचं नाही. तिकिटांचे पैसे बुडाले, तरी सँटियागोत नऊ दिवस राहिलो. प्रवासाला निघून दोन महिने झाले होते आणि दर चौथ्या दिवशी बॅगा भरून आम्ही सगळे चिडचिडे झालो होतो. इथे पहिले तीन दिवस एकही ठिकाण पाहिलं नाही. धाकटा पहिल्या पाचही रात्री पहाटे तीनला टक्क जागा. त्याला दामटून झोपवणं सोडलं, उपमा करून दिला, आणि सकाळी उन्हात बागेत नेलं. सहाव्या रात्री तो सलग झोपला.

आई माझ्याबरोबर ला वेगाच्या मंडईत यायच्या. बोटांनी भाव करून टोमॅटो घ्यायच्या. तिथेच त्यांना 'मोते कोन वेसियो' मिळालं: पेल्यात थंडगार गोड पाणी, तळाला सडून शिजवलेले गहू, वर वाळवून पुन्हा भिजवलेला अख्खा पीच. चमच्याने गहू वर काढत त्या म्हणाल्या, "ही तर आपली खपलीची खीर, फक्त दूध घालायचं राहिलं." मग आम्ही रोज चारला जायचो. आई दुपारी गोधडीवर तासभर पडायच्या, उठल्या की आधी चपला शोधायच्या.