थँक्सगिव्हिंगची टर्की आणि मार्गशीर्षातला गुरुवार

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण कायम नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं आणि जेवणात टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी, त्यामुळे मार्गशीर्ष लवकर लागला की इथल्या मराठी घरांत पंचाईत होतेच. 2022 ला 24 नोव्हेंबरला तसंच झालं आणि 2025 ला 27 तारखेला परत पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी. सासूबाई तेव्हा आमच्याकडे न्यू जर्सीतच होत्या, मंगळवारी त्यांनी कालनिर्णय बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, परवा घट मांडायचाय, त्या दिवशी घरात मांस शिजवायचं नाही हं." आणि त्याच संध्याकाळी स्टोअरमधून फ्रेश म्हणून ऑर्डर केलेली टर्की आली ती दगडासारखी गोठलेली, चौदा पौंडांची!

पाहुणे सांगून झालेले, मला तर रडूच यायला लागलं. पण हिशोब केला तर गुरुवारी ती होणारच नव्हती. फ्रीजमध्ये टर्कीचा बर्फ सुटायला दर चार-पाच पौंडांना पूर्ण एक दिवस लागतो, म्हणजे हिला तीन दिवस हवेत. मग सरळ सगळ्यांना फोन करून शुक्रवार सांगितला, बहुतेकांना सुट्टी असतेच आणि कोणी जराही वाईट वाटून घेतलं नाही. गुरुवारी ओटा लख्ख पुसून खिरीचा नैवेद्य झाला, टर्की खालच्या कप्प्यात खोल ट्रेमध्ये झाकून, म्हणजे तिचं पाणी बाकी कशावर गळायला नको.

शुक्रवारी सकाळी पोटात हात घातला तर अजून बर्फ, गिब्लेटची (काळीज-कलेजी वगैरेची) पिशवी आत घट्ट चिकटलेली. अशा वेळी गरम पाण्यात टाकायची किंवा रात्रभर ओट्यावर ठेवायची चूक कृपा करून कोणी करू नका, बाहेरचं मांस गरम होऊन त्यात जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच राहतो. गळणार नाही अशा पिशवीत बांधून सिंकमध्ये गार पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पूर्ण गोठलेली असेल तर पौंडाला अर्धा तास धरा, आमची तासाभरात सुटली. आणि अगदीच वेळ नसेल तर गोठलेलीसुद्धा 325 डिग्री फॅरनहाइटला ओव्हनमध्ये घालता येते, फक्त दीडपट वेळ लागतो. गोठलेली टर्की उकळत्या तेलात मात्र कधीच सोडू नका, तेल उसळून दरवर्षी आगी लागतात.

मी पाठीचा कणा जाड कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढला आणि छातीवर जोर देऊन ती सपाट केली, कट्कन आवाज आला की झालं. सपाट टर्की कमी वेळात भाजते आणि पायही छातीबरोबर शिजतात. आलं-लसूण, लोणी आणि कांदा-लसूण मसाला कातडीखाली बोटांनी सारला. शिजली की नाही ते रंगावरून ठरवू नका, थर्मामीटर मांडीच्या जाड भागात हाडाला न लावता खुपसा, छातीतही बघा, सगळीकडे 165 डिग्री फॅरनहाइट पाहिजे. माझ्या मते मसाला, तारीख, पाहुणे सगळं पुढेमागे चालतं, हा आकडा चालत नाही.

कणा आणि हाडं शनिवारी मोठ्या पातेल्यात उकळून झणझणीत रस्सा केला, सासूबाईंनीही भाताबरोबर दोनदा घेतला. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये टाका.