सिंगापूरहून क्रूझ: सहाजण, दोन केबिन आणि दोनदा भरायचं एक कार्ड

आजी-आजोबा, आम्ही दोघं आणि पाच व आठ वर्षांची दोन मुलं. सोमवारी सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत, एक दिवस नुसता समुद्र आणि शुक्रवारी सकाळी परत सिंगापूर. बोटीवर गेल्यावर फारसं काही करावं लागत नाही. डोकं लागतं ते चढण्याआधी आणि उतरताना, म्हणून त्याच दोन टोकांबद्दल जास्त लिहिते.

पहिली गोम व्हिसाची. बोट सिंगापूर सोडते तेव्हा आपण देशाबाहेर जातो आणि परत येतो तो दुसरा प्रवेश धरला जातो. त्यामुळे हातात व्हिसा आला की त्यावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची मुभा आहे ना, हे सहाही जणांच्या कागदांवर वेगवेगळं तपासा. पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने चालणारा हवा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो नेमका इथे अडकवतो. मुलाबरोबर आई-वडिलांपैकी एकच जण जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर ठेवा.

दुसरी गोम एसजी अरायव्हल कार्डाची, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्याआधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मची. विमानाने येताना सगळे ते भरतात. बोटीने परत येताना ते नव्याने भरायचं असतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पोचण्याचा दिवस धरून शेवटच्या तीन दिवसांतच ते भरता येतं. म्हणजे शुक्रवारी परत येणाऱ्याला बुधवारच्या आधी भरता येत नाही, आणि गुरुवारी भर समुद्रात फोनला रेंज नसते. उपाय सोपा: बुधवारी फुकेतला किनाऱ्यावर असताना भरून टाका. प्रवासाचं साधन समुद्रमार्ग आणि पुढे बोटीचं नाव. सगळ्या कुटुंबाचं एकदम भरता येतं. पासपोर्टच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये असले की काम पटकन होतं. हे कार्ड फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

केबिन निवडताना आम्ही दोन घेतल्या, मधलं दार उघडणाऱ्या. चौघांच्या एका केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग बहुधा छतातून खाली येणारा असतो, शिडीने चढायचा. मुलांना तो खेळ वाटतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे झोपवणं शक्य नाही. अशा मधल्या दाराच्या केबिन मोजक्याच असतात, त्यामुळे बुकिंग करतानाच मागा. जागा बोटीच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, कारण बोट हलते तेव्हा पुढचं आणि मागचं टोक सर्वांत जास्त वरखाली होतं. नकाशात डोक्यावर स्विमिंग पूल किंवा बुफे नाही ना ते बघा; पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज थेट खाली येतो. बिनखिडकीची केबिन स्वस्त पडते, पण दिवा मालवला की आत मिट्ट काळोख. बॅटरीवरचा छोटा दिवा न्या.

बोट लागण्याची भीती आजींना सर्वांत जास्त होती. मलाक्काच्या सामुद्रधुनीला सुमात्रा बेटाचा आडोसा आहे, तिथे एरवी पाणी शांत असतं. तरीही अॅव्होमिन डॉक्टरांना विचारून बरोबर घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते, आणि तिने झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. आलेपाकाची वडी तोंडात, डोळे क्षितिजावर आणि पोट रिकामं न ठेवणं, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

सामानात काय नको, ते आधी. इस्त्री, किटली, छोटा राइस कुकर आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड हे सगळं स्कॅनरवर काढून घेतात, कारण बोटीवर आगीची धास्ती सर्वांत मोठी. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बहुधा बसत नाही, तेव्हा अॅडॉप्टर हवाच. घरचे लाडू-चिवडे बोटीवर नेऊ देतीलच असं नाही. सीलबंद पाकिटं सहसा चालतात. आणि खसखस सिंगापूरमध्ये नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, म्हणजे अनारसेही घरीच राहू द्या. च्युइंगम, गुटखा आणि ई-सिगारेटलाही बंदी आहे.

सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत: मरिना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ सांगितलं तर भलतीकडे जाल. टर्मिनलचं पूर्ण नाव तिकिटावर बघून सांगा. वेब चेक-इन लवकर करून दुपारी बाराच्या सुमाराची वेळ पकडा. बॅगांना छापील टॅग स्टेपल करून त्या खाली सोपवल्या की केबिनच्या दारात त्या थेट संध्याकाळी येतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. पोहण्याचा डायपर घातलेल्या बाळांनाही बऱ्याच बोटींवर पूलमध्ये सोडत नाहीत, हे आधी ठाऊक असलेलं बरं. बोट सुटण्याआधी मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, सक्तीचं: फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बोटीचं कार्ड स्कॅन करून यायचं. आजोबांना लिफ्टची गर्दी व्हायच्या आत नेऊन आणा.

जेवणाचं सांगते. शाकाहारी किंवा जैन असल्याचं बुकिंगमध्ये लिहिलं तरी पहिल्या रात्री डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला प्रत्यक्ष भेटा. उद्या काय हवं ते आदल्या रात्री सांगितलं, तर कांदा-लसणाशिवायची भाजीही मिळते. ऐन वेळी मागितली की सॅलड पुढ्यात येतं.

खर्चात टिप धरा. कंपनीगणिक फरक पडतो, पण मोठ्या अमेरिकी कंपन्यांकडे माणशी रोज सुमारे 18 ते 20 डॉलर, मुलांचेही. सहाजणांचे चार रात्रींचे साडेचारशे डॉलरच्या आसपास होतात. बोटीवरच्या खात्याला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका. रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला बरेच दिवस जातात. क्रेडिट कार्ड द्या. फोन चढल्याक्षणी विमान मोडवर, नाहीतर तो बोटीचं नेटवर्क पकडतो आणि बिल येतं. आपसात बोलायला कंपनीचं अॅप बोटीच्या वायफायवर चालतं. ते आजोबांना जमलं नाही, म्हणून दर दोन तासांनी ठरलेल्या लिफ्टसमोर भेटायचं असा नेम केला.

पेनांगला बोट थेट धक्क्याला लागते, जॉर्जटाउन चालत गाठता येतं. फुकेतला पातोंगच्या समोर नांगर टाकून छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. त्यात येता-जाता तासभर सहज मोडतो आणि चढता-उतरताना मोठं पाऊल टाकावं लागतं. पाय कुरकुरत असतील तर तो दिवस बोटीवरच काढा. परतीची वेळ बोटीच्या घड्याळाची असते. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे, आणि किनाऱ्यावर फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो. साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून तेच बघा.

शेवटच्या रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. इथे दरवेळी कुणीतरी उद्याचे कपडे आणि चपला बॅगेत कोंबून बसतं आणि सकाळी नाइट ड्रेसवर इमिग्रेशनच्या रांगेत दिसतं. बोट सातच्या सुमाराला लागली तरी सगळे उतरायला दहा वाजतात. मुंबईचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका.