हूक बंद दिसतो तेव्हा

बुधवार, रात्री

जीव वाचवायला ठेवलेल्या लाइफबोटीतच खलाशी मरतात, आणि तेही वादळात नाही, बंदरात कवायत चालू असताना. आज भाच्यानं समजावून सांगितलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तो सुट्टीवर आलाय. जहाजावर थर्ड ऑफिसर आहे, लाइफबोटींची देखभाल त्याच्याकडेच. संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागला आमच्या वर्कशॉपमध्ये आला आणि खडूनं फरशीवर सगळं काढून दाखवलं. बोटीला पुढं-मागं दोन हूक, जहाजावरून आलेल्या दोरांना अडकवलेले. दोन्ही एकाच दांड्यानं सुटतात. हुकाच्या शेपटाला आतून एक कॅम, म्हणजे फिरणारा अडसर, अडवून धरतो. बोट पाण्यातून परत उचलताना हा कॅम पुरता फिरून बसला नाही, तरी वरून हूक बंदच दिसतो. बोट तरंगते आहे तोवर काही होत नाही. बोटीनं पाणी सोडलं की सगळं वजन त्या अर्धवट बसलेल्या कॅमवर येतं. एक हूक उघडला की बोट दुसऱ्यावर उभी लोंबकळते आणि आतली माणसं खाली फेकली जातात.

"मामा, बंद दिसायलाय म्हणजे बंद हाय असं न्हाई," तो म्हणाला.

असा हूक आला तो माणसं वाचावीत म्हणूनच. २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड हा तरंगता तळ उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. चार लाइफबोटी खाली सोडल्या, पण दोरांवरचा ताण जाईना आणि ताणाखाली हूक सुटेना, म्हणून एकच सुटू शकली. मग वजन असतानाही सुटेल असा हूक हवा असं ठरलं, आणि जुलै १९८६ पासून नव्या जहाजांना तो सक्तीचा झाला. पुढं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं २००१ साली दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या: लाइफबोटींच्या अपघातांत १२ खलाशी मेलेले, ८७ जखमी.

असल्या अपघातांवर 'मानवी चूक' हा शिक्का लगेच बसतो. मला तो पटत नाही. दांड्याची सुरक्षा पिन आधीच काढली, दांडा चुकीचा ओढला, हूक नीट बसवला नाही, हे सगळं माणसाच्याच हातून होतं, मान्य. पण नीट बसला की नाही हे डोळ्यांना दिसूच नये असा हूक ज्यानं काढला, त्याचं काय? बंदरात वेळ नाही म्हणून कवायत उरकून घेणाऱ्याचं काय? आणि सगळीच चूक हाताळणाऱ्याची नसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या बंदरात थॉमसन मॅजेस्टी जहाजाच्या कवायतीत पाच खलाशी गेले. तिथं बोट टांगलेला वायर रोपच गंजून तुटला होता. वरच्या पुलीवर टेकलेल्या भागात गंज कोणाला दिसणार?

आमच्याकडे एका पाळीत मराठी, कानडी, हिंदी तिन्ही चालतात. वजन उचलायच्या होइस्टवरची पाटी वाचून कोणी काम करत नाही, शेजारच्याचं बघून करतो. जहाजावर तर चार-पाच देशांची माणसं, आणि हुकाचं मॅन्युअल इंग्रजीत, तेही कळायला अवघड.

आता हूक आणि वरच्या दोराची कडी यांच्यात एक जादा पट्टा लावतात किंवा हुकात पिन घालतात, म्हणजे कॅम नीट बसला नसला तरी बोट पडत नाही. माणसं बसवण्याआधी रिकामी बोट खाली-वर करून बघावी अशीही सूचना आहे. दोन्ही गोष्टी साध्या आहेत. इतकी माणसं गेल्यावर सुचाव्यात याचं फार वाईट वाटतं.

भाच्याला हुकाचं कापीव मॉडेल करून द्यायचं ठरवलंय, एका बाजूनं उघडं, कॅम पुरता बसलेला आणि अर्धवट बसलेला दोन्ही दिसतील असं. भाषा कुठलीही असो, खलाशाला हातात घेऊन फिरवून बघता येईल. मापं त्यानं मोबाइलमधल्या मॅन्युअलवरून उतरवून दिलीत. स्क्रॅपमध्ये बारा एमएमची प्लेट पडली आहे, ती उद्या मिस्त्रींना कापायला सांगतो.