पाऊस मोजून काय मिळतं?

"रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन पाऊस मोजतोस, तुला मिळतं काय?" लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, परवा सलूनवाल्यानं मान वाकडी धरून विचारलं. काही मिळत नाही. आकडा ग्रुपवर टाकायचा, दोन अंगठे येतात, संपलं.

मोबाइलवर दिसतोच की, म्हणता. दिसतो. पण सांगलीच्या विश्रामबागेत धो धो पडतो तेव्हा आमच्या गावभागात कधी कधी धूळ असते. नरसाळ्यातली पानं काढून नळी डोळ्यांच्या रेषेत धरली की आपल्या गल्लीचं कळतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. हे सांगताना मी जरा मिरवतो, कबूल.

2019च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. समोरच्या काकूंनी दारातून हाक मारली, "तू मोजतोस न्हवं? सांग, सामान माडीवर चढवू का?" मी वही दाखवली. 17 मिलिमीटर. "एवढ्याशा पावसानं काय होतंय काकू? 2005च्या पुराची रेघ आहे की तुमच्या जोत्यावर, उंबऱ्याच्या खाली."

सांगलीचा पूर सांगलीत पडत नाही. तो महाबळेश्वर, नवजा, कोयनेच्या खोऱ्यात पडतो आणि इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी येऊन चढतो. वारणेलाही पूर असला तर ती हरिपूरला कृष्णेची वाट अडवते. शाळेत भूगोल शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? होतं. पण वही माझी होती, आकडा माझा होता. धोक्याची पातळी 45 फूट; पाणी 57च्या वर गेलं. काकूंच्या घरात कमरेइतकं. ओसरल्यावर चौघांनी ओढूनही गाद्या हलेनात. शिलाई मशीनच्या चाकात गाळ वाळून बसला होता, तो मी खिळ्यानं कोरत बसलो. काकू चहा देऊन गेल्या. मला तेव्हा शिव्या हव्या होत्या.

आकडा खोटा नव्हता, असं मी बरेच दिवस बायकोला ऐकवलं. नव्हताच. पण काकूंनी पाऊस विचारला नव्हता, सामानाचं विचारलं होतं. मग मोजणं सोडायचं ना? पुढचा जून आला, मी नरसाळं धुऊन परत लावलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. सवय म्हणा.

काकू आता लेकीकडे विश्रामबागेत असतात. पावसाळ्यात नवाच्या सुमारास फोन येतो.

"किती झाला?"

"बारा."

"तुझं ऱ्हाऊ दे. नवजाला किती?"