पाणी मी भरत नाही

सोलापुरात घरी पेशंट सांभाळायची केस घेतली की पहिली कुरबुर पाण्यावरून होते. नळाला पाणी काही दिवसांआड, तेही कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. पाणी आलं रे आलं की घरातले सगळे बॅरल आणि पाइपकडे धावतात, आणि बाहेरून हाक येते, "मावशी, जरा मोटर लावता का?" त्या 'जरा'त अर्धा तास जातो. तेवढा वेळ माझा पेशंट कमोडच्या खुर्चीवर एकटा. उजवी बाजू गेलेला माणूस तोल गेल्यावर सावरायला कुठला हात टेकणार? खुबा मोडला की पुढचे हाल त्याचे, आणि बोल माझ्या नावावर.

म्हणून पहिल्याच दिवशी मुलगा, सून आणि पेशंट यांना एकत्र बसवून सांगते. पेशंटचे कपडे, पेशंटचं खाणंपिणं, पेशंटची खोली माझी. पाणी, भाकऱ्या, पोरांचे डबे माझे नाहीत. सून दोन दिवस फुगते, फुगू दे. काम हलकं वाटतं म्हणून नाही म्हणत; माझ्या घरी बॅरल मीच भरते. आणि हे पेशंटसमोरच बोलायचं. पडून असलेल्या माणसाला घरातली कुजबुज सगळी ऐकू येते. आपल्यापायी वाद चाललाय असं एकदा डोक्यात बसलं की तो लघवीला जायचंसुद्धा सांगत नाही.

राबवून घेणाऱ्या घरात नाही म्हणणं तसं सोपं. जीव लावणारं घर अवघड.

सोलापूरच्या पूर्व भागात एका तेलुगू अम्मांची केस होती. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. स्मृतिभ्रंश झालेला, पण बोटं काही विसरली नव्हती. दुपारी पडल्या पडल्या चादरीचं टोक चिमटीत धरायच्या, गुंडाळायच्या, अंगठ्याच्या नखानं कड आत दुमडायच्या, की पुढची घ्यायच्या. मांडीवर सूप नाही, तंबाखू नाही, पण हाताला थांबा नाही. मी चादर सोडवायला गेले की चिडायच्या. मग मी टॉवेल देऊ लागले, तो जाड असल्यानं वळायला वेळ लागायचा.

त्यांची मुलगी भिवंडीला दिलेली. अम्मा मला तिच्याच नावानं हाक मारायच्या. आमच्यातल्या काही जणी अशा वेळी सरळ 'ओ' देतात. पेशंट गुमान जेवतो, गोळी घेतो, कुणाचं काय जातं? मी देत नाही. 'मी तुमची मुलगी नाही' असंही तोंडावर म्हणत नाही, कारण ते ऐकून म्हातारं माणूस घाबरंघुबरं होतं. शेजारपाजारी ऐकून शिकलेल्या माझ्या तेलुगूत म्हणायचे, ताई भिवंडीला आहे, संध्याकाळी फोन येईल, तोवर वेणी मी घालते. दिवसातून कितीदा म्हणायचे, मोजलं नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला की मोबाइल उशीला टेकवून लावायचे आणि स्वतः पलंगाच्या पायथ्याशी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसायचे. पहिल्या काही दिवसांत शेजारी बसले होते तर अम्मा स्क्रीनकडे पाठ करून मलाच विचारायच्या, तुझी पोरं जेवली का? तिकडे पोटच्या पोरीचा चेहरा पडलेला. यंत्रमाग बंद झाल्यावर थोडा वेळ काढून ती फोन लावायची, आणि आई बोलतेय भलतीशीच! तिची जागा मी अडवून बसायचं काही कारण नव्हतं.

अडवली असती तर पुढे काय झालं असतं, तेही कळलं. एका दुपारी अम्मांनी बोटातली अंगठी ओढून काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. लेकीला देत होत्या त्या, मला नाही. मी सुनेला बोलावलं, तिच्यासमोर अंगठी कपाटात ठेवली, आणि बीपी, शुगर, कूस बदलल्याची वेळ लिहितो त्याच वहीत लिहून खाली तिची सही घेतली. सून म्हणाली, "इतकं काय, तुम्ही घरातल्याच." सोनं हरवलं की पहिली झडती याच 'घरातल्या' बाईच्या पिशवीची होते, हे आम्हाला केस देणाऱ्या ब्युरोतली कुठलीही पोर सांगेल.

पैशाचंही तेच. उचल लागली तर ब्युरोत मागायची, फार तर मुलाकडे. पेशंटकडे कधीच नाही. ज्याचं अंग मी पुसते, ज्याला मी उचलल्याशिवाय उठता येत नाही, तो मला नाही कसा म्हणेल? होटगी रोडच्या एका केसमध्ये आजोबा मुलावर चिडून म्हणायचे, "घर तुझ्या नावावर करतो, मला शेवटपर्यंत बघ." मी म्हटलं, आजोबा, मुलगा बघत नसेल तर 2007 चा कायदा आहे, पोटगीसाठी प्रांतांकडे अर्ज करता येतो, 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, लावून देऊ? कागदावर माझं नाव मात्र काढायचं नाही. त्यांनी नंबर लिहून घेतला, लावला नाही. लावायलाच पाहिजे असा धोशा मी लावला नाही. बाप-लेकाच्या भांडणात मी कोण?

नव्या पोरींना एक गोष्ट वेगळी सांगते. पेशंट किंवा घरातला बाप्या हात लावायला, घाणेरडं बोलायला लागला तर 'आजारी माणूस आहे' म्हणून गिळायचं नाही. डोकं ठिकाणावर नसलेला पेशंट असेल तर दोघींची नाहीतर पुरुष अटेंडंटची ड्यूटी मागायची. बाकीच्यांना माफी नाही. कामाच्या ठिकाणी बायांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घर हीसुद्धा कामाची जागा धरली आहे. घरमालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, तीन महिन्यांच्या आत, लेखी. पोरी ऐकतात आणि विचारतात, मग पुढची केस मिळेल का? त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

अम्मा उन्हाळ्यात गेल्या. दिवसकार्याला मला बोलावलं, गेले. सगळ्या भावकीसमोर भिवंडीच्या ताईनं मला साडी दिली, कुंकू लावलं. मी घेतली. ब्युरोच्या मॅडमना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्या म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, परत करायची होतीस. मी म्हटलं, केस संपली होती, देणारी शुद्धीवर होती, आणि दुखवट्याच्या घरात साडी नाकारणं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर मारणं. यावर आमचं अजून पटलेलं नाही.